घाटाच्या वर, घाटाच्या खाली: उज्जैन जिल्ह्यातील नद्या, कारखाने आणि वस्ती

उज्जैनच्या प्रदूषणाची चर्चा बहुतेक वेळा रामघाटावर उभे राहून केली जाते आणि त्यामुळेच ती अपुरी राहते. क्षिप्रा ही तीर्थनदी आहे, दर बारा वर्षांनी तिच्या काठी सिंहस्थ भरतो, पर्वकाळी लाखो लोक तिच्यात उतरतात. साहजिकच पाणी स्नानाला योग्य आहे की नाही, हा प्रश्न शासन, आखाडे आणि वृत्तपत्रे या सर्वांना सारखाच निकडीचा वाटतो. मात्र घाटावर येण्यापूर्वी हे पाणी कोणाच्या शेताजवळून आणि कोणत्या कारखान्यांच्या अंगणातून आले, तसेच घाट सोडल्यावर ते कोणाच्या विहिरीत मुरते, या गोष्टी त्या निकडीत मागे पडतात. गेल्या दीडेक दशकातील उपाययोजनांचा एकत्र विचार केला तर त्यांचा मुख्य कल घाण नाहीशी करण्याकडे नसून तिची जागा बदलण्याकडे राहिला आहे असे दिसते, आणि ही जागा बदलताना घाण बहुधा अशा गावांकडे सरकली आहे जिथे ना पर्वणी असते ना कॅमेरे.

हे समजण्यासाठी प्रथम प्रवाहांची मांडणी ध्यानात घ्यावी लागते. क्षिप्रा इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी नावाच्या गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, देवासच्या बाजूने उत्तरेकडे येते आणि उज्जैन शहरात शिरण्याच्या थोडे आधी, त्रिवेणी या ठिकाणी, इंदूर शहरातून आलेली कान्ह नदी तिला मिळते. इंदूरमध्ये या नदीला खान असेही म्हणतात. पुढे रामघाट, मंगलनाथ, सिद्धवट, भैरवगढ आणि कालियादेह हा तीर्थयात्रेचा पट्टा ओलांडला की पश्चिमेकडून आलेली गंभीर नदी क्षिप्रेला मिळते आणि महिदपूरवरून वाहत जाऊन क्षिप्रा चंबळेत विलीन होते. तिची एकूण लांबी सुमारे १९५ किलोमीटर आहे. चंबळ स्वतः महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावून जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, नागदा या कारखान्यांच्या गावाला वळसा घालून उत्तरेकडे जाते. म्हणजे एका जिल्ह्यात दोन मोठी कथानके आहेत: एक कान्ह आणि क्षिप्रेचे, ज्याला सिंहस्थामुळे देशभर श्रोते मिळतात, आणि दुसरे नागद्याचे, ज्याला ते क्वचितच मिळतात.

या दोन्ही कथानकांच्या मुळाशी कारखान्यांच्या आधीचा एक बदल आहे. माळवा हा पावलोपावली पाण्याचा आणि अन्नाचा प्रदेश, अशी त्याची लोकप्रसिद्धी आहे. दख्खनच्या पठारासारखाच काळ्या बेसाल्ट खडकावरचा आणि काळ्या चिकण मातीचा हा मुलूख असल्याने महाराष्ट्रातील वाचकाला तो अनोळखी वाटू नये. बेसाल्टमध्ये पाणी वाळूतल्यासारखे साठत नाही. ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात राहते, त्यामुळे साठा मर्यादित असतो आणि उपसा वाढला की झपाट्याने आटतो. पूर्वी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून तिच्यातील ओलीवर हिवाळ्यात गहू आणि हरभरा घेण्याची रीत होती. १९७०च्या दशकापासून सोयाबीनने ही खरिपातील पडीक जमीन व्यापली आणि रब्बीचा गहू ओलीवरून सिंचनावर गेला. या सिंचनासाठी कूपनलिका हे सर्वांत सोपे साधन ठरले. त्याची किंमत लवकरच दिसू लागली: १९९० साली देवास शहराला रेल्वेने टँकर आणून पाणी पाजावे लागले. आज माळव्यातील अनेक विकासखंड भूजलाच्या शासकीय वर्गवारीत अतिशोषित आहेत, म्हणजे जितके पाणी दरवर्षी मुरते त्याहून अधिक उपसले जाते.

नदीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पावसाळा संपल्यावर तिला जिवंत ठेवणारा, जमिनीतून झिरपत येणारा मूळ प्रवाहच खुंटला. प्रदूषणाच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा पर्यावरणबदलाच्या स्वतंत्र प्रकरणात टाकला जातो, पण तसे करणे चुकीचे आहे. नदीत स्वतःचे पाणी असते तेव्हा सोडलेली घाण विरळ होते आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या आधारे जिवाणू तिचे विघटन करतात. स्वतःचे पाणी संपले की नदीत उरते ते फक्त सोडलेले पाणी. डिसेंबर ते जून या काळात क्षिप्रा बऱ्याच अंशी उज्जैन, देवास आणि इंदूर या शहरांच्या सांडपाण्याचा मार्ग बनते, ते नाल्यांच्या संख्येइतकाच या आटलेल्या मूळ प्रवाहामुळे. कारखाना आणि शेतातील कूपनलिका हे या बाबतीत एकमेकांचे विरोधक नसून भागीदार आहेत, हे शेतकऱ्याला रुचणारे नसले तरी नाकारता येत नाही.

कान्ह नदीत नेमके काय वाहते, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. आकारमानाने सर्वांत मोठा वाटा इंदूरच्या घरगुती मैलापाण्याचा आहे. विषारीपणाच्या दृष्टीने मात्र सांवेर रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीसारख्या भागांतून येणारे रसायनयुक्त पाणी अधिक महत्त्वाचे ठरते. हा भेद तांत्रिक वाटला तरी उपाय त्यावर अवलंबून असतो. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे मुख्यतः जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण कुजवतात. धातू, रंगद्रव्ये आणि न कुजणारी रसायने यांच्यासाठी ती रचलेली नसतात. औद्योगिक पाणी गटारात मिसळले की एकीकडे जिवाणूंची कार्यक्षमता घटते आणि दुसरीकडे तळाशी बसणारा गाळ शेतात खत म्हणून वापरण्यास धोकादायक होतो. पाण्याची सेंद्रिय घाण मोजण्याचे रूढ माप म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, अर्थात एक लिटर पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च करतील तो आकडा. स्नानयोग्य पाण्यात तो ३ पेक्षा जास्त असू नये असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, तेव्हा मध्य प्रदेशातून सर्वांत वाईट वर्गात, म्हणजे जिथे हा आकडा ३० च्या वर जातो अशा वर्गात, कान्ह, सिद्धवट ते त्रिवेणी या पट्ट्यातील क्षिप्रा आणि नागद्यापासून रामपुऱ्यापर्यंतची चंबळ हे तिन्ही पट्टे होते.  तिन्हींपैकी दोन पट्टे उज्जैन जिल्ह्याशी थेट निगडित आणि तिसरा त्याच्या दाराशी, ही नोंद पुरेशी बोलकी आहे.

इंदूर हे २०१७ पासून सलग देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आणि २०२१ मध्ये सांडपाणी व्यवस्थापनासाठी वॉटर प्लस प्रमाणपत्र मिळवणारे ते देशातील पहिले शहर झाले. रस्त्यावरील कचऱ्याबाबत त्या शहराने केलेले काम खरोखर मोलाचे आहे आणि कबीटखेडीसारखी मोठी शुद्धीकरण केंद्रे त्याने उभारली हेही खरे. पण स्वच्छतेची स्पर्धा शहराच्या हद्दीत मोजली जाते आणि नदी हद्द ओलांडते. सांवेर तालुक्यातून उज्जैनकडे येताना कान्हेच्या काठी जी गावे लागतात, तिथे हेच पाणी उपसून भाजीपाला आणि गहू पिकवला जातो, कारण दुष्काळी महिन्यांत हमखास मिळणारे पाणी तेवढेच असते. शेतकऱ्याला त्यातील नत्र आणि स्फुरद फुकट मिळते, सोबत जे काही येते त्याची किंमत तो आणि त्याची भाजी खाणारा शहरवासी दोघे मिळून चुकवतात. म्हणून या गावांना केवळ बळी मानणे जितके अपुरे आहे, तितकेच त्यांच्याकडे सोय म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

सिंहस्थाच्या दृष्टीने शासनाने या स्थितीवर दोन उपाय केले: चांगले पाणी बाहेरून आणणे आणि वाईट पाणी बाहेर काढणे. पहिल्याचे नाव नर्मदा–क्षिप्रा सिंहस्थ जोड प्रकल्प. नोव्हेंबर २०१२ मध्ये भूमिपूजन झालेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकार्पित झालेला सुमारे ४३२ कोटी रुपयांचा हा प्रकल्प ओंकारेश्वर धरणाचे पाणी नळाने आणून सुमारे ३५० मीटर उंच चढवतो आणि क्षिप्रेच्या उगमाशी सोडतो. प्रकल्पाची क्षमता सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे पूर्ण वेळ चालवल्यास दिवसाला ४३.२ कोटी लिटर आहे. एवढे पाणी एवढ्या उंचीवर नेण्यासाठी पंपांत आणि नळांत काहीच वाया जात नाही असे मानले, तरी साध्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दिवसाला चार लाखांहून अधिक युनिट वीज लागते; प्रत्यक्षात ती अर्थातच जास्त लागणार. साहजिकच हे पाणी बारमाही प्रवाह म्हणून न येता पर्व आणि मेळ्यांच्या आसपास सोडले जाते. नदी पुनरुज्जीवित झाली असे या प्रकल्पाबद्दल सांगितले गेले; तिला तिथीनुसार वाहते केले गेले, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

या पाण्यालाही इतिहास आहे. ओंकारेश्वर धरणाची पातळी वाढवण्याच्या विरोधात आणि पुनर्वसनाच्या मागणीसाठी खंडवा जिल्ह्यातील घोगलगाव येथे विस्थापितांनी २०१२ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये सतरा दिवस गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून जलसत्याग्रह केला होता. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत जोड प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. या दोन घटनांमध्ये कट शोधण्याचे कारण नाही. पण एका नदीखोऱ्यातील लोकांनी सोडलेल्या जमिनीवर साठलेले पाणी दुसऱ्या खोऱ्यातील सांडपाणी विरळ करण्यासाठी वापरले जाते, तेव्हा प्रदूषणाचा खर्च नेमका कोणाच्या खात्यावर पडतो, हे स्पष्ट होते.

दुसरा उपाय कान्हेला वळवण्याचा. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी पिपलिया राघो येथे कान्हेचे पाणी अडवून सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या बंद नळातून घाटांना टाळत कालियादेहच्या बाजूला क्षिप्रेत सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. कालियादेहचा महाल माळव्याच्या सुलतानांच्या काळात नदीच्या गारव्यासाठीच बांधला गेला, क्षिप्रेचे पाणी खेळवणारी कुंडे तिथे खोदली गेली आणि १९२० मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत त्याचा जीर्णोद्धार झाला. पाण्याच्या सौंदर्यासाठी निवडलेल्या जागेजवळच मैलापाण्याचे तोंड उघडावे, हा योगायोग काहीसा क्रूर आहे. नळाची क्षमता मर्यादित असल्याने कान्हेचा प्रवाह वाढला की पाणी बांध ओलांडून त्रिवेणीत येते, आणि ते रोखण्यासाठी पर्वणीपूर्वी घातले जाणारे मातीचे कच्चे बांध वारंवार वाहून जातात. ५ जानेवारी २०१९ रोजी शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर पुरेसे पाणीच नसल्याने भाविकांना चिखलात अंग भिजवावे लागले आणि त्यानंतर राज्य सरकारने उज्जैनचे विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांची बदली केली. डिसेंबर २०२१ मध्ये साधूंनी क्षिप्रेच्या शुद्धीसाठी घाटावर धरणे धरले. प्रशासन कोणत्या प्रसंगी हलते, हे या दोन घटनांवरून दिसते: स्नान बिघडले तर बदली होते. कालियादेहच्या पुढे कोणाची विहीर बिघडली म्हणून अधिकारी बदलल्याचे उदाहरण सहज सापडत नाही.

नाशिकच्या वाचकाला यात आपल्या गोदावरीची छाया दिसणे स्वाभाविक आहे, कारण तिथेही पर्वणीपूर्वी धरणातून पाणी सोडणे आणि एरवी नाले गोदेत मिसळणे हे शेजारी शेजारी चालत आले आहे. फरक इतकाच की गोदावरीची काळजी करणाऱ्यांना उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून काही काळ सातत्याने दाद मागता आली.

उज्जैन शहराचा स्वतःचा वाटाही लहान नाही. शिंद्यांच्या राजवटीत, १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी, या शहराला नवे रूप आले. रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून महाकाळाचे मंदिर पुन्हा उभे राहिले आणि पुढे बायजाबाईंनी गोपाळमंदिर बांधले. त्या शहराचे ओढे आज नाले झाले असून भूमिगत गटारांची कामे सिंहस्थाच्या वेळापत्रकाला बांधलेली राहिली आहेत. विसाव्या शतकात इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि शतक संपण्यापूर्वी बंद पडल्या; विनोद–विमल गिरणी १९९६ मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांचा थकबाकीचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन दोन दशकांहून अधिक चालला. गिरण्या गेल्या, तरी नदी सुधारली नाही. उद्योग बंद झाल्याने पाणी आपोआप स्वच्छ होते, या समजुतीला उज्जैन हे चांगले उत्तर आहे.

नदीशी बांधलेला पण मोठ्या उद्योगाच्या व्याख्येत न बसणारा एक व्यवसाय भैरवगढला आहे. इथल्या छिपा कारागिरांची मेण लावून रंगवण्याची कला, जिला बाटिक म्हणून ओळखले जाते आणि जिला २०२३ मध्ये उज्जैन बाटिक या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, क्षिप्रेच्या पाण्याच्या भरवशावर वाढली. कापडावर मेणाने नक्षी काढून ते रंगात बुडवायचे, मग उकळत्या पाण्यात मेण उतरवायचे आणि पुन्हा पुन्हा धुवायचे, अशी ही पद्धत असल्याने तिला पाणी भरपूर लागते. शिवाय वनस्पतिज रंगांची जागा रासायनिक रंगांनी घेतल्यापासून धुण्याचे पाणी निरुपद्रवी राहिलेले नाही. नदी बिघडल्यावर या कारागिरांना कूपनलिकेचे पाणी विकत घ्यावे लागते आणि त्याच वेळी नदी बिघडवणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव सहज घातले जाते. इंदूरच्या औद्योगिक वसाहतीशी त्यांची एका पंगतीत तुलना करणे हास्यास्पद आहे. तरीही सामुदायिक शुद्धीकरण टाकी उभारून देणे हे काम सरकारचे आहे, कारागिराच्या ऐपतीचे नाही, इतके मान्य केले तर हा प्रश्न सोडवता येण्याजोगा आहे.

नागद्याचे प्रकरण मात्र वेगळ्या मापाचे आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या बिर्ला समूहाच्या ग्वाल्हेर रेयॉन, म्हणजे आजच्या ग्रासिम कंपनीने १९५४ मध्ये इथे व्हिस्कोस तंतूचे उत्पादन सुरू केले आणि चंबळेच्या काठचे एक लहान रेल्वे जंक्शन लाखभर वस्तीचे औद्योगिक शहर झाले. व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला कृत्रिम धागा आहे. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइड या बाष्पशील द्रवाची प्रक्रिया करून मधासारखा दाट द्राव तयार करतात आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. तिथे धागा घट्ट होतो आणि कार्बन डायसल्फाइड व सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे दोन वायू बाहेर पडतात, तर पाण्यात सोडियम सल्फेट, आम्ल आणि जस्ताचे क्षार उतरतात. कार्बन डायसल्फाइडचा मज्जासंस्थेवरील परिणाम एकोणिसाव्या शतकापासूनच ज्ञात होता. ब्रिटनमधील रेयॉन कामगारांवरील १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा हृदयविकाराशी असलेला संबंधही पुढे आणला. म्हणजे नागद्यातील कारखाना विस्तारत होता त्याच काळात जगाला त्याच्या कच्च्या मालाच्या धोक्याची पुरेशी माहिती झालेली होती.

नागद्याच्या खालच्या अंगाला चंबळेकाठी असलेल्या परमारखेडीसारख्या गावांची तक्रार अनेक दशके तीच आहे: विहिरी आणि हातपंपांचे पाणी पिवळट व खारट झाले, जमिनीचा पोत गेला, जनावरे ते पाणी पीत नाहीत आणि अपंगत्वाची व त्वचेची दुखणी वाढली. त्यातील प्रत्येक आजार कारखान्याच्या माथी मारता येईल असे नाही. पण गावांना पिण्याचे पाणी दुसरीकडून पुरवण्याची वेळ येणे हीच भूजल बिघडल्याची मूक कबुली आहे. २०१८ मध्ये चेंजिंग मार्केट्स फाउंडेशन या युरोपीय संस्थेने जगातील फॅशन उद्योगाच्या पुरवठा साखळीवरील अहवालात नागद्यावर विशेष भर दिला आणि ज्या युरोपीय ब्रँडांचे कपडे या धाग्यापासून बनतात त्यांना जाब विचारला. त्यापुढे कंपनीने युरोपीय मानकांप्रमाणे उत्सर्जन घटवण्याचे वेळापत्रक जाहीर केले आणि नागदा कारखान्यातून द्रवरूप सांडपाणी अजिबात बाहेर सोडले जात नाही, अशी व्यवस्था उभारल्याचे सांगितले. शून्य द्रव विसर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पाणी गाळून, उकळून परत वापरतात आणि क्षार घनरूपात वेगळे करतात. ही सुधारणा खरी आणि महागडी आहे, आणि ती स्थानिक ग्रामपंचायतीच्या अर्जांनी साध्य झाली नाही, युरोपातील ग्राहकांच्या दबावाने झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहा-सात दशके जमिनीत मुरलेल्या क्षारांना मात्र नवी यंत्रणा हात लावत नाही.

नागद्यातील लोकांचे मौन अनेकदा भीतीचे लक्षण मानले जाते. त्यात भीती असेलही, पण मोठा भाग साध्या हिशेबाचा आहे. एकाच घरात एक भाऊ कारखान्यात आणि दुसरा नदीकाठच्या शेतात असतो. उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे कारखान्याला उत्पादन आवरते घ्यावे लागले की बाजारपेठही मंदावते. केरळातील मावूरचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे याच कंपनीच्या १९६३ पासूनच्या रेयॉन कारखान्याविरुद्ध चालियार नदीकाठच्या लोकांनी दीर्घ लढा दिला. १९८५ ते १९८८ या काळात कारखाना बंद राहिला तेव्हा काही कामगारांनी आत्महत्या केल्या, आणि या लढ्याचे नेते के. ए. रहमान १९९९ मध्ये कर्करोगाने गेले. दोन वर्षांनी कारखाना कायमचा बंद झाला. मावूरने लढून नदी परत मिळवली, पण रोजगार गमावला. नागद्याच्या घरांना ही निवड कोणी मोकळेपणाने मांडून दाखवलेलीच नाही, आणि मांडली तरी दोनच पर्याय आहेत असे गृहीत धरणे हेच मुळात चुकीचे ठरेल; शून्य विसर्गाची यंत्रणा आज शक्य झाली तर ती वीस वर्षांपूर्वीही पुष्कळ अंशी शक्य होती.

कायद्याने या भागाला एकदा मोठे काही दिले होते. शेजारच्या रतलाममध्ये उघड्या गटारांनी आणि मद्यार्क कारखान्याच्या दुर्गंधी पाण्याने त्रस्त झालेल्या एका वस्तीतील रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रवाची तक्रार केली, आणि नगरपालिका पैशांचे कारण सांगून सुटू पाहत असता सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाद्वारे ती सबब फेटाळली. पर्यावरणविषयक कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आजही हा निकाल अग्रभागी असतो. पण याच रतलाममध्ये पुढे रंग आणि औषधी रसायने बनवणाऱ्या कारखान्यांमुळे डोसीगाव परिसरातील भूजल लाल झाले, कारखाने बंद पडले, आणि पाणी लालच राहिले. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषण निर्देशांक दिला तेव्हा नागदा–रतलामला ६६.६७ गुण मिळाले. सत्तरच्या वरच्या ४३ क्षेत्रांवर, ज्यांत इंदूरही होते, नव्या उद्योगांसाठी काही काळ बंदी आली. साठ ते सत्तरमधले नागदा–रतलाम तीन-चार गुणांनी त्यातून वाचले. निर्देशांकाची गरज मान्य केली, तरी लाल विहिरीचे पाणी पिणाऱ्याला हे तीन-चार गुण समजावून सांगणे अवघड आहे.

गंभीर नदीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो, पण टाळता येत नाही, कारण १९९० च्या दशकापासून उज्जैन शहर मुख्यतः गंभीर धरणाचेच पाणी पिते. त्याच नदीवर वरच्या बाजूला होळकरांच्या काळातील यशवंतसागर आहे आणि पीथमपूर औद्योगिक क्षेत्राच्या परिसरातील अंगरेड नदीचे पाणी तिकडे उतरते. भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी पीथमपूरला आणला गेला, तेव्हा स्थानिकांनी तीव्र विरोध केला. त्यामागे हा उतार हेही एक कारण होते. जाळण्याचे काम जून २०२५ अखेर संपल्याचे शासनाने सांगितले आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुर्घटनेचा अवशेष एका शहरातून दुसऱ्या शहराच्या पाणलोटात येणे, हे जागाबदलाच्या प्रवृत्तीचे सर्वांत स्पष्ट रूप आहे.

आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. सेवरखेडी आणि सिलारखेडी येथे पावसाळ्यातील पाणी साठवून ते उन्हाळ्यात क्षिप्रेत सोडण्याची सुमारे ६१४ कोटी रुपयांची योजना हाती घेण्यात आली आहे, आणि नर्मदेचे पाणी उपसण्यापेक्षा खोऱ्यातलेच पाणी खोऱ्यात राखण्याची ही दिशा निश्चितच अधिक शहाणपणाची आहे. कान्हेसाठी मात्र जुन्याच विचाराची मोठी आवृत्ती निवडली गेली: नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा, सुमारे ३० किलोमीटर लांबीचा बंद मार्ग, ज्याचा सुमारे १२ किलोमीटरचा भाग बोगद्याच्या स्वरूपात आहे, जमालपुऱ्यापासून कान्हेचे पाणी उचलून गंभीर धरणाच्या खालच्या बाजूला गंभीर नदीत सोडणार आहे. शहराचे पिण्याचे पाणी आणि घाट दोन्ही यातून सुरक्षित राहतात, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही मांडणी नेटकी आहे. परंतु गंभीर उज्जैनच्या पुढे क्षिप्रेलाच मिळते. म्हणजे कान्हेचे पाणी घाटांना वळसा घालून पुन्हा त्याच नदीत, महिदपूरच्या वरच्या अंगाला, दाखल होणार. इंदुरात शुद्ध झालेले पाणी खरोखर स्नानयोग्य असते तर ते वळवण्याची गरजच पडली नसती, आणि ते तसे नसेल तर गंभीर व क्षिप्रेच्या त्या खालच्या टप्प्यातील गावांना शेतासाठी, गुरांसाठी आणि विहिरींसाठी ते मिळणार आहे.

या गावांतील पाणी आणि माती नियमित तपासण्याची, कूपनलिकांच्या नोंदी ठेवण्याची आणि आजारांची प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय आकडेवारी प्रदूषणाच्या मोजणीशी जोडण्याची व्यवस्था मार्ग सुरू होण्यापूर्वीच उभारली तर २०२८ नंतर तुलना तरी करता येईल. प्रदूषित पट्ट्यांच्या २०१८ च्या यादीत क्षिप्रेचा पट्टा सिद्धवटाला संपला होता. नव्या मार्गाचे पाणी नदीत येणार आहे ते सिद्धवटाच्या खाली, महिदपूरच्या दिशेला. मोजणीची ठाणी तिथे हलवण्याचा निर्णय मार्गाच्या कंत्राटाबरोबरच व्हायला हवा होता, आणि तो अद्याप घेता येण्यासारखा आहे.